कुर्द हा कोणाच्या हातचा पत्ता नव्हे

२०२५ सालच्या मे महिन्यातील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची उघड कड घेतली. पाकिस्तानने सोडलेल्या ड्रोनांत तुर्की बनावटीचे ड्रोन होते, असे आपल्या सरकारने जाहीर केले. तेव्हापासून आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गात एक युक्तिवाद मूळ धरू लागला आहे. पुण्याच्या बाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार घातला, अनेकांनी इस्तंबूलच्या सहली रद्द केल्या. येथवर तक्रार करण्याचे कारण नाही. आपला पैसा कोठे खर्च करावा हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाला आहेच. परंतु त्यापुढे जाऊन असे सांगितले जाते की, तुर्कस्तान काश्मीरची भाषा बोलत असेल तर आपण कुर्दिस्तानची भाषा बोलावी. एवढेच नव्हे, तर कुर्द बंडखोरांना गुपचूप पैसा आणि शस्त्रे पोहोचवावीत. हा हुकमाचा पत्ता हातात असताना सरकार तो टाकीत का नाही, असा सवाल दूरचित्रवाणीवरील युद्धशास्त्री करतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच सवाल विरार लोकलमध्ये ऐकू येतो. खेदाची गोष्ट अशी की, आपल्या काही कार्यकर्त्यांच्या तोंडीही तो आला आहे. त्यांतील एकाने तर मला उदाहरणच दिले : "सर, १९५४ साली आपण सिल्वासाला दुसरे काय केले?"

हे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावरचे आहे, म्हणून त्याचे उत्तरही येथूनच दिले पाहिजे. तथापि आधी कुर्दांचा विचार करू, कारण ज्यांना पत्ता म्हणावयाचे त्यांचा पूर्वेतिहास बहुतेकांना ठाऊक नसतो.

तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार राज्यांच्या डोंगराळ सरहद्दींवर पसरलेला तीन कोटींहून अधिक लोकांचा हा समाज. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली झालेल्या सेव्हरच्या तहात त्यांना स्वायत्ततेचे आणि पुढेमागे स्वातंत्र्याचे आश्वासन देण्यात आले. १९२३ च्या लोझानच्या तहात त्यांचे नावसुद्धा उरले नाही. त्यानंतर प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी शेजारी किंवा महासत्ता पुढे आली, कुर्दांच्या हाती बंदुका दिल्या आणि आपले काम होताच त्यांना वाऱ्यावर सोडले. १९४६ साली सोव्हिएत फौजांच्या छायेत इराणमध्ये महाबादचे कुर्द प्रजासत्ताक उभे राहिले. फौजा परतल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी ते संपले. त्याचे अध्यक्ष काझी मुहंमद यांना १९४७ च्या मार्चमध्ये फाशी देण्यात आले.

परंतु या व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर १९७५ साल पाहावे. इराक सरकारने १९७० च्या मार्चमध्ये मुल्ला मुस्तफा बारझानी यांच्याशी स्वायत्ततेचा करार केला होता. किर्कुकचे तेलक्षेत्र कुर्दांच्या हद्दीत धरावयाचे की नाही, या प्रश्नावर तो अडला. १९७२ पासून इराणचा शहा आणि अमेरिका यांनी बारझानींना गुप्तपणे पैसा व शस्त्रे पुरविण्यास प्रारंभ केला. शहाला कुर्दांच्या स्वातंत्र्याशी काडीचे कर्तव्य नव्हते. त्याच्याच राज्यात कुर्दांची मोठी वस्ती होती आणि तिला तो कोणतेही अधिकार देत नव्हता. त्याला शत्त-अल-अरब नदीतील सरहद्द आपल्या सोयीची करून हवी होती. ६ मार्च १९७५ रोजी अल्जिअर्समध्ये तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या परिषदेच्या वेळी शहा आणि सद्दाम हुसेन यांनी समझोता केला. इराकने नदीच्या मध्यप्रवाहातून जाणारी सीमा मान्य केली, शहाने कुर्दांची रसद बंद केली. काही आठवड्यांत बंड कोसळले आणि लाखावर माणसे बायकामुलांसह डोंगर ओलांडून निर्वासित झाली. नदीच्या अर्ध्या पात्राच्या मोबदल्यात एक लढा विकला गेला. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या पाइक समितीच्या अहवालातून बाहेर आले ते आणखी विदारक होते. कुर्दांनी जिंकावे अशी त्यांच्या या आश्रयदात्यांची इच्छाच नव्हती. इराकची शक्ती झिजत राहील इतपत लढाई चालू राहावी, एवढेच त्यांना हवे होते. ही माहिती कुर्दांना अर्थातच देण्यात आली नव्हती.

तेरा वर्षांनी, १६ मार्च १९८८ रोजी, सद्दामच्या विमानांनी हलब्जा गावावर विषारी वायू सोडला आणि सुमारे पाच हजार माणसे मेली. तेव्हा सद्दाम इराणशी लढत होता म्हणून पाश्चात्त्य सरकारांना तो हवा होता.

तुर्कस्तान आणि सीरिया यांच्यामधील व्यवहारात नदीची जागा दुसऱ्या नदीने घेतली, इतकाच फरक. तुर्कस्तानने युफ्रेटिसवर अतातुर्क धरण बांधावयास घेतले आणि खालच्या अंगाला असलेल्या सीरियाच्या शेतीचे पाणी धोक्यात आले. अब्दुल्ला ओजलान यांच्या कुर्दिस्तान कामगार पक्षाने १९८४ मध्ये तुर्कस्तानात सशस्त्र लढा सुरू केला, त्याला सीरियाने आसरा दिला होता. १९८७ साली उभय देशांत करार झाला : सीरियाला सेकंदाला सरासरी ५०० घनमीटर पाणी मिळेल, आणि त्याचबरोबर सरहद्दीवरील सुरक्षेबाबत सहकार्य. पाणी आणि बंडखोर एकाच बैठकीत तोलले गेले. १९९८ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानने सीरियाच्या सरहद्दीवर सैन्याची धमकी दिली तेव्हा दमास्कसने ओजलान यांना बाहेर काढले. चार महिन्यांनी ते नैरोबीत पकडले गेले. या लढ्यात चाळीस हजारांवर माणसे बळी गेली. तुर्की राज्यसंस्थेने १९९० च्या दशकात तीन हजारांवर खेडी-वाड्या ओस पाडल्या. कामगार पक्षाच्या बंदुकांनीही शिक्षकांचे आणि खेडुतांचे बळी घेतले, हे समाजवाद्याने लपविण्याचे कारण नाही. कुर्द बंडखोरांच्या पाठलागाच्या नावाखाली तुर्की फौज १९८३ पासून वारंवार इराकच्या हद्दीत शिरली. १९९५ साली तर ३५,००० सैनिक पाठविण्यात आले. इराकच्या सार्वभौमत्वाची आठवण या प्रसंगी जगातील फार थोड्या राजधान्यांना झाली.

पुढचा इतिहास ताजा आहे. १९९६ साली दोन कुर्द पक्षांच्या भांडणात एकाने चक्क सद्दामच्या रणगाड्यांना अर्बिलमध्ये बोलाविले. २०१७ च्या सप्टेंबरात इराकी कुर्दिस्तानच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली आणि तीन आठवड्यांत किर्कुक हातचे गेले. २०१९ च्या ऑक्टोबरात, इस्लामिक स्टेटशी लढताना ज्यांनी हजारो तरुण गमावले त्या सीरियातील कुर्दांना अमेरिकेने एका दूरध्वनीनंतर तुर्की फौजेपुढे उघडे पाडले. किर्कुकचे तेल तुर्की बंदरात नेणारी वाहिनी २०२३ च्या मार्चपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत बंद राहिली. बगदाद आणि अंकारा यांचा तंटा, आणि पगार अडले ते अर्बिलच्या शिक्षकांचे.

या यादीत आता दिल्लीचेही नाव घालावे, असे आपले युद्धशास्त्री सुचवीत आहेत. भारताची सरहद्द कुर्दिस्तानला कोठेही भिडत नाही. आपली शस्त्रे तेथे जातील ती इराण, इराक किंवा सीरिया यांपैकी कोणाच्या तरी दारातून, आणि त्या प्रत्येकाच्या घरात कुर्दांचा प्रश्न धुमसत आलेला आहे. दाराची किल्ली ज्याच्या हाती, तो ती केव्हा आणि कशाच्या बदल्यात फिरवील हे १९७५ ने दाखविले आहे. जे स्वतःला व्यवहारी म्हणवितात त्यांचा हा व्यवहार आहे.

आता सिल्वासाकडे वळू.

वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकला, हे येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्यानंतर चाळीस वर्षांनी, १७७९ च्या तहाने, पुण्याच्या दरबारानेच बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना तोडून दिली आणि त्यांतून नगर हवेलीचा पोर्तुगीज मुलूख निर्माण झाला, हे विजयदिनाच्या भाषणात कोणी सांगत नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पुढे या तहाचा कीस काढला आणि मराठ्यांनी दिले होते ते सार्वभौमत्व नव्हे, केवळ सरंजामी पद्धतीचा महसुलाचा हक्क, असा निष्कर्ष काढला. इंग्रजांनी मात्र पोर्तुगीजांचा अंमल चालू आहे असे पाहून तो मुकाट्याने मान्य केला. ज्या वारली, कोकणा, धोडिया, दुबळा लोकांची ती जमीन, त्यांना ना पुण्याने विचारले, ना लिस्बनने, ना लंडनने. दोन दरबारांच्या हिशेबात त्यांचे रान ही जमाखर्चाची एक रक्कम झाली. लोझानमध्ये कुर्दांचे जे झाले तेच येथे दीडशे वर्षे आधी, लहान प्रमाणावर, झाले होते.

वारल्यांची वस्ती या रेषेच्या दोन्ही अंगांना होती व आहे. रेषेच्या अलीकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत, १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची गुलामी झुगारून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याच्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. परुळेकर दांपत्याच्या पक्षाशी आपले मतभेद जगजाहीर आहेत. पण ज्या काळी आपल्यापैकी पुष्कळांना तलासरी कोठे आहे हेही ठाऊक नव्हते, त्या काळी ती माणसे तेथे रानोमाळ हिंडत होती, हे मान्य करण्यात आपले काही कमी होत नाही.

१९५४ च्या जुलैमध्ये जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या फ्रान्सिस मस्करेन्हस प्रभृतींनी दादरा येथील पोलीस ठाण्यावर चाल केली. ठाण्याचा अधिकारी आनिसेतो रोझारिओ तेथे मारला गेला. आठवडाभरात नरोली पडली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दल होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते. पुढे भावगीतांसाठी घरोघरी परिचित असलेले सुधीर फडकेही होते. लाल बावट्याखाली संघटित झालेले वारलीही लढ्यात उतरले होते. कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे शिपायांसह खानवेलच्या बाजूस हटला आणि ११ ऑगस्ट रोजी उधवा येथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. हे उधवा आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात मोडते.

ही माणसे भारताच्या हद्दीतून गेली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. लिस्बनच्या दृष्टीने ती सशस्त्र घुसखोर होती, आज अंकारा ज्या शब्दाने कुर्द बंडखोरांना संबोधते त्याच जातीची. म्हणून सरहद्द ओलांडणारा प्रत्येक बंदूकधारी हा दहशतवादीच, असे सरसकट बोलण्याचा अधिकार निदान आपल्या जिल्ह्याला नाही. पण येथेच आपल्या कार्यकर्त्याचे उदाहरण त्याच्यावर उलटते. सिल्वासा कशाने पडली? बंदुकांनी म्हणावे तर उभय बाजूंचे बळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ती पडली, कारण दमणहून सिल्वासाला येणारी वाट भारताच्या मुलखातून होती, आणि ती वाट भारताने बंद केली. साम्राज्य हजारो मैल दूर असेल आणि वाट शेजाऱ्याच्या हाती असेल तर काय होते, त्याचा हा धडा आहे. तो धडा कुर्दांना लागू केला तर काय दिसते? चारही वाटा शेजाऱ्यांच्या हाती आहेत. म्हणजे या तुलनेत कुर्दांची जागा मुक्तिसैनिकांची नव्हे. वाट तुटलेल्या फिदाल्गोची आहे. १९७५ साली बारझानींचे जे झाले ते रसदीच्या दृष्टीने पाहिले तर खानवेलच्या रानात फिदाल्गोचे झाले तेच होते.

दुसरे असे की, पोर्तुगीज राज्यकर्ता निघून जाऊ शकत होता, कारण त्याचे घर दुसऱ्या खंडात होते. तुर्क शेतकरी आणि कुर्द शेतकरी यांना कोठे जावयाचे आहे? खुद्द इस्तंबूलमध्ये लाखो कुर्द गवंडीकाम करतात, कारखान्यांत राबतात. त्यांना शेजारी म्हणून जगावयाचे आहे. परक्याने दिलेली प्रत्येक बंदूक त्यांच्या गल्लीतील शेजाऱ्याला संशयाचे नवे कारण पुरविते, आणि तुर्की सरकारला हेच हवे असते : कुर्दांची मागणी ही भाषेची, जमिनीची, स्थानिक सत्तेची मागणी नसून परकीय हस्तकांचे कारस्थान आहे, हे सिद्ध करावयास पुरावा. तो दिल्लीने पुरवावा काय?

तिसरी गोष्ट हेगची. पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि आठवडाभरातच त्याने भारताविरुद्ध दावा गुदरला. सेटलवाड भारतातर्फे उभे राहिले. न्यायमूर्ती छागला तदर्थ न्यायाधीश होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. पोर्तुगालला खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता. हा दुसरा मुद्दा आठ विरुद्ध सात अशा एका मताने निभावला. म्हणजे जगाच्या न्यायासनापुढे भारताने जे मागितले आणि निसटत्या बहुमताने मिळविले ते तत्त्व हे की, दुसऱ्याच्या मुलखातून शस्त्रे नेण्याचा हक्क कोणी गृहीत धरू नये. आज इराक किंवा सीरियाच्या मुलखातून शस्त्रे नेण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

पण सिल्वासाचे खरे शिक्षण १९५४ नंतर सुरू होते, आणि ते कोणीच घेत नाही. मुक्त झालेल्या मुलखाचा कारभार वरिष्ठ पंचायतीने सात वर्षे पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ पासून तो भारतात विलीन झाला. झेंडा बदलला. आणि जमीन? पोर्तुगीज सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी 'अल्वारा' नावाच्या सनदांनी मोठमोठे पट्टे मर्जीतल्या लोकांना दिले होते. त्या पट्ट्यांवर राबणारा वारली पोर्तुगीज गेल्यावरही त्याच मालकाकडे राबत राहिला. जमीनसुधारणेचा कायदा तेथे लागू करण्यास १९७१ साल उजाडले. कसण्याची अट पाळली नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्याने १९७४ साली काही अल्वारा रद्द केल्या. त्यांवरील दावा खालच्या न्यायालयांपासून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि अखेरचा निकाल लागला तो २०२५ साली! मुलूख मुक्त करावयास तीन आठवडे पुरले. एका सनदेचा निकाल लागावयास पन्नास वर्षे लागली. दरम्यान दमणगंगेवर मधुबन धरण झाले, आदिवासींची गावे पाण्याखाली गेली, आणि पाण्याचा मोठा वाटा गुजरातच्या कालव्यांना व वापीच्या कारखान्यांना मिळाला. करसवलतींच्या ओढीने कारखाने सिल्वासात आले आणि त्यांच्यामागून बाहेरचे मजूर आले. कोणे एके काळी जवळपास संपूर्ण आदिवासी असलेल्या या मुलखात २०११ च्या जनगणनेत आदिवासींचे प्रमाण ५२ टक्क्यांवर आले. (सूर्या नदीवरील धरणाचे पाणी वसई-विरारच्या नळांना येते, तेव्हा डहाणू-विक्रमगडच्या शेताचे काय होते, हा प्रश्नही याच घराण्यातला आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.)

रेषाही पुसली गेली नाही, उलट वाढली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याचा बहुतेक भाग गुजरातकडे गेला, तलासरी इकडे राहिली, नगर हवेली तिसरीकडेच. एका वारली कुटुंबातील तीन भाऊ आज तीन राजवटींत असू शकतात. एकाचे पोर मराठी शाळेत जाते, दुसऱ्याचे गुजराती शाळेत, आणि वारली बोली कोणत्याच फळ्यावर लिहिली जात नाही.

याचा अर्थ १९५४ चा लढा चुकीचा होता असा मुळीच नव्हे. सालाझारची हुकूमशाही गेलीच पाहिजे होती. परंतु जो लढा बाहेरून आलेल्यांनी झेंड्यासाठी लढला, त्यात जमिनीचा प्रश्न मागे पडला. आणि अलीकडच्या तलासरीत, जेथे लढा जमिनीपासून आणि वेठीपासून सुरू झाला होता, तेथे निदान संघटना टिकली. कोणत्याही मुक्तिलढ्याचे मूल्यमापन समाजवादी करतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हा असावा की, दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर कोणाच्या हाती आहे.

येथे १९७१ चा दाखला दिला जाईल. मुक्तिवाहिनीला आपण मदत केली आणि बांगलादेश झाला. खरे आहे. पण त्या लढ्यामागे निवडणुकीचा कौल होता, पूर्व पाकिस्तानातील १६९ पैकी १६७ जागांचा. एक कोटी निर्वासित आपल्या दारात होते. आणि कोणत्याही गुप्त कारवाईपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जयप्रकाशजी त्या उन्हाळ्यात जगाच्या राजधान्यांतून हिंडून बांगलादेशाची बाजू उघडपणे मांडत होते. उलट १९८३ नंतर आपल्याच सरकारने श्रीलंकेतील तमिळ गटांना आपल्या भूमीवर गुपचूप शस्त्रशिक्षण दिले. त्या पत्त्याचा डाव कसा संपला? १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना त्याच बंदुकांशी लढली, अकराशेहून अधिक भारतीय जवान मेले, १९९१ मध्ये एका माजी पंतप्रधानाची हत्या झाली, आणि २००९ साली मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर तमिळ जनतेचा जो संहार झाला तो रोखण्याची इच्छाही दिल्लीत उरली नव्हती. ज्यांना हुकमाचे पत्ते हवेत त्यांनी हा डाव विसरून चालणार नाही.

मग कुर्दांबद्दल आपण स्वस्थ बसावे काय? नव्हे. तुर्कस्तान आज आपल्यावर रुष्ट आहे म्हणून कुर्दांची आठवण होणे हे जितके लाजिरवाणे, तितकेच तुर्कस्तान उद्या मित्र होईल म्हणून त्यांना विसरणे. गोव्याच्या प्रश्नावर आपल्या चळवळीने जी वाट काढली ती येथे उपयोगी पडणारी आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहिया मडगावला गेले ते निःशस्त्र आणि जाहीरपणे. १९५५ साली नानासाहेब गोरे, मधु लिमये आणि शेकडो सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले. १५ ऑगस्टला वीसांहून अधिक जणांनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्यांची नावे, त्यांची संख्या, जाण्याचा दिवस सर्वांना ठाऊक होता. त्यांनी कोणालाही पत्ता म्हणून वापरले नाही आणि स्वतःही कोणाच्या हातचे पत्ते झाले नाहीत. दिल्लीच्या सरकारला त्यांचा सत्याग्रह गैरसोयीचा झाला तेव्हा सरहद्द बंद करावी लागली, यावरूनच ते ध्यानात येते.

ही उघड वाट आज अधिकच महत्त्वाची झाली आहे, कारण कुर्दांनी स्वतःच बंदुकीचा पत्ता खाली ठेवला आहे. ओजलान यांनी २७ फेब्रुवारी २०२५ रोजी तुरुंगातून आवाहन केले, १२ मे रोजी कामगार पक्षाने विसर्जनाची घोषणा केली, आणि ११ जुलैला सुलेमानियाजवळ तीस स्त्रीपुरुष लढवय्यांनी आपली शस्त्रे अग्नीत टाकली. म्हणजे ज्या मे महिन्यात आपल्याकडे त्यांना शस्त्रे देण्याच्या गप्पा रंगल्या, त्याच मे महिन्यात ते शस्त्रे ठेवीत होते! आपल्या युद्धशास्त्र्यांचे कुर्दांविषयीचे ज्ञान किती, हे यावरून समजून घ्यावे. पुढे ऑगस्टमध्ये तुर्की पार्लमेंटने या प्रश्नासाठी समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या एका कुर्द मातेला स्वतःच्या भाषेत बोलू दिले गेले नाही. कुर्दी भाषेवरील बंदीचा १९८३ चा कायदा १९९१ सालीच रद्द झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे कायद्याची शाई आणि खुर्चीची सवय यांतील अंतर कळते.

तेव्हा आपल्या शाखांनी ठराव करावयाचे असतील तर ते या मुद्द्यांवर करावेत : कुर्द भाषेत शिक्षण व कारभार, ओस पाडलेल्या खेड्यांतील शेतकऱ्यांना त्यांची जमीन परत, निवडून आलेल्या महापौरांना हटवून सरकारी विश्वस्त नेमण्याची तुर्की प्रथा बंद, युफ्रेटिस-तैग्रिसच्या पाण्यावर खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा हक्क, आणि इराक-सीरियाच्या हद्दीतील परकीय फौजा माघारी. या ठरावांची प्रत दिल्लीतील तुर्की वकिलातीकडे जावी, तशीच आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडेही. आणि याच बैठकीत दुसरा ठराव घ्यावा : तलासरी-डहाणूच्या शाळांत पहिल्या दोन इयत्तांना वारली बोलीतून शिकविण्याची सोय, आणि रेषेपलीकडील सिल्वासा व उंबरगावच्या आदिवासी संघटनांशी जमिनीच्या प्रलंबित दाव्यांवर संयुक्त काम. दोन्ही ठरावांना एकच सूचक असला तर अधिक बरे. हेगच्या निकालाचा मराठी सारांश मी तयार करीत आहे. ज्या शाखांना अभ्यासवर्गासाठी हवा असेल त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे.